ओकचा वास येतोय म्हणून ती माल्बेक देऊन टाकू नका

तुम्ही लिहिलंय की अर्जेंटिनातल्या मेंडोझाहून आणलेल्या माल्बेक या रेड वाईनच्या तीन बाटल्यांपैकी एक पुण्यात उघडली तर नुसता व्हॅनिला नि लाकडाचा वास, आणि एवढी तुरट की तोंड कोरडं पडलं, मग उरलेल्या दोन कुणाला देऊन टाकू का. अजिबात देऊ नका! लेबलवर उको व्हॅली (मेंडोझातलंच उंचावरचं खोरं) आणि १८ महिने फ्रेंच ओक (म्हणजे ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली) म्हणताय ना, मग ती बिघडलेली नाही, कोवळी आहे.

उको व्हॅलीतल्या वरच्या बागा, ग्वालतायारीकडच्या वगैरे, १,२०० मीटरच्या वर आहेत, काही तर १,५०० च्या आसपास. तिथे ऊन नि अतिनील किरण प्रखर, त्यामुळे द्राक्षाची साल जाड होते, रंग आणि टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) दोन्ही भरपूर उतरतं, आणि रात्री अँडीजची थंडी पडते म्हणून आंबटपणा टिकतो. वाईन मुरायला हेच दोन लागतात, टॅनिन आणि आंबटपणा. (साधी स्वस्त माल्बेक ठेवून काही मिळत नाही, ती ताजीच प्यावी.)

व्हॅनिला, लवंग, भाजल्यासारखा वास हे सगळं बॅरलचं, म्हणजे त्या ओकच्या पिंपाचं, २२५ लिटरचं नवीन बॅरल असेल तर जास्तच येतं. पण बॅरलचं खरं काम वासाचं नाहीच, लाकडातून अगदी थोडी हवा आत जात राहते आणि टॅनिन नि रंगद्रव्यं एकमेकांना धरायला लागतात. तेच पुढे बाटलीत आणखी हळू चालू राहतं, तुरटपणा बोथट होतो, लाकूड मागे सरतं आणि फळ पुढे येतं. आत्ता जांभळट कडा दिसत असेल, ती काही वर्षांनी विटकरी व्हायला लागेल, आलुबुखार नि व्हायोलेटच्या जागी सुकं अंजीर, चामडं, तंबाखू असं काहीतरी येईल. मला स्वतःला मधला काळ सगळ्यात आवडतो, फळ अजून जिवंत आणि लाकूड विरघळलेलं, अशा वाईनला तो साधारण सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान येतो.

आता मुख्य अडचण पुण्याचा उन्हाळा. १२-१४ डिग्रीचा वाईन फ्रिज असेल तरच ठेवा, आडवी, अंधारात. नसेल तर स्पष्ट सांगतो, एप्रिल-मे कपाटात काढायला लावू नका, दोन्ही याच हिवाळ्यात पिऊन टाका. तीन-चार तास आधी डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या सुरईत) ओता, १६-१८ डिग्रीला प्या (आपलं रूम टेंपरेचर म्हणजे फार गरम, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा), सोबत मटण असू द्या, प्रथिनांनी टॅनिनचा तुरटपणा बराच कमी वाटतो. आणि ठेवलीतच तर उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, तळाशी गाळ बसलेला असेल, शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.