बर्गरच्या ताटातलं मीठ

प्रिय मनू,

मंगळवारी रात्री तू मला जे विचारलंस त्याला मी "गप जेव, थंड होतंय" असं म्हणाले आणि विषय तिथेच संपला, पण माझ्या डोक्यात काही तो संपला नाही. तीन दिवस झाले. भांडी लावताना तेच, ऑफिसला जाताना ८८० फ्रीवेवरच्या ट्रॅफिकमधे तेच. म्हणून शेवटी लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण हे मला इंग्लिशमधे सांगताच येणार नाही, एखादा शब्द अडला तर बाबाला विचार.

तुझा प्रश्न जसाच्या तसा आठवतोय मला. तू म्हणालीस, "आई, भात बंद, पोळी बंद, आता बर्गरमधला बनपण बंद. मग आपल्या डिनरमधे मराठी काय उरलं, फक्त हे सॉल्ट?" आणि ताटाच्या वरच्या बाजूला मी ठेवलेल्या चिमूटभर मिठाकडे बोट दाखवलंस. मग म्हणालीस की ते कोणी खातपण नाही, रोज सिंकमधे जातं. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज, "तुझ्या प्लेटमधे तर तू ठेवतच नाहीस."

तू चिडवत नव्हतीस, मला माहितीये. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण ते शेवटचं वाक्य मला कुठेतरी जाऊन लागलं.

भात-पोळीचं आधी सांगते. मागच्या वर्षी माझं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट, ७.४ आलं. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की डायबिटीस म्हणतात, त्यामुळे वाद घालायला काही जागाच नव्हती. एक कप शिजलेल्या पांढऱ्या भातात पंचेचाळीसेक ग्रॅम कार्ब असतात, एका साध्या बर्गर बनमधे पंचवीसच्या आसपास. ही गणितं मी करत बसले होते तेव्हा मला उभं केलंस ते तूच. इन-एन-आऊटच्या ड्राइव्ह-थ्रूमधे मागच्या सीटवरून ओरडलीस, "वन प्रोटीन स्टाईल!" आणि बनच्या जागी लेट्यूसच्या गार कुरकुरीत पानात गुंडाळलेला बर्गर माझ्या हातात आला. मी तो गाडीतच खाल्ला आणि मला वाटलं, चला, जेवण पूर्णपणे काही हिरावून घेतलेलं नाही आपल्याकडून.

तेव्हापासून मंगळवार म्हणजे आपला बर्गर-बोल. तुझं स्विमिंग संपून घरी यायला सात वाजतात, वीस मिनिटांत ताटं वाढून तयार. एक पाउंड टर्कीचा खिमा (बीफ आपण घरात आणत नाही, त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल), त्याचे चार गोळे, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, गोळा टाकला की स्टीलच्या वाटीच्या बुडाने दाबायचा, कडा जाळीसारख्या पातळ होऊन तपकिरी झाल्या की उलटायचा, वर चेडरची स्लाइस. टर्की आत कच्ची राहता कामा नये म्हणून तू थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट बघतेस. खाली रोमेन चिरून, वर कांदा, टोमॅटो, डिल पिकल. सॉसला मेयो, मोहरीचा सॉस, थोडं व्हिनेगर, पॅप्रिका आणि केचपऐवजी टोमॅटो पेस्ट, कारण केचपच्या एका मोठ्या चमच्यात चारेक ग्रॅम साखर असते. आणि सोबत माझी सोलकढी. सोलकढीत साखर नाही, पीठ नाही, नारळाचं दूध आणि आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, त्यामुळे ती डॉक्टरांच्या यादीत न बसवताही बसते.

आणि मीठ कधी घालायचं ते मला तूच शिकवलंस, आठवतंय? खिम्यात आधी मिसळायचं नाही, मांस चिवट होतं, गोळा तव्यावर दाबल्यावर वरून भुरभुरायचं. मी तीस वर्षं स्वयंपाक करतेय आणि हे मला माहीत नव्हतं. करून बघितलं तर खरंच मऊ झालं. म्हणजे मिठाची एक गोष्ट तू मला सांगितलीस. आता दुसरी मी तुला सांगते, चालेल?

कोकणातल्या नेरूरच्या घरी, म्हणजे तू फोटोत बघितलंयस ते, पडवीत झोपाळा असलेलं, तिथे चतुर्थीला, गणपतीला, सगळे काका, आत्या, त्यांची पोरं मिळून पंचवीस-तीस पानं मांडली जायची. केळीची पानं. मी आठ वर्षांची झाले तेव्हा माझ्या आजीने मला पहिल्यांदा मिठाची वाटी दिली. वाढायला सगळ्यात आधी मीठ असतं, आणि ते पोरांच्या हातात देता येतं, सांडलं तरी कोणी भाजत नाही. पानाच्या वरच्या बाजूला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, भात समोर. पहिल्या वर्षी मी रांगेतल्या पहिल्या पानापासून मीठ वाढत शेवटपर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं तर पहिल्या पानांवरचं मीठ विरघळून पाणी झालेलं, ते भाताच्या जागेकडे ओघळत चाललेलं. पानं धुतलेली, ओली. आजी काही ओरडली नाही. तिने पदराचं टोक घेतलं, पानाच्या वरच्या शिरेजवळची टिचभर जागा पुसून कोरडी केली आणि म्हणाली, आता ठेव. पुढच्या सगळ्या पानांवर मी फ्रॉकच्या टोकाने तेच केलं, घाईघाईत, कारण मागून काकी चटणी घेऊन आलीच होती.

ते मीठ जाडं असायचं, करडट, खड्याखड्यांचं. शिरोड्याच्या मिठागरांचं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तू दांडी मार्चचं पोस्टर केलं होतंस ना, तेव्हा मी सांगायला हवं होतं, की त्याच वर्षी, १९३० साली, आमच्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला होता. सांगायचं राहून गेलं, पोस्टर सकाळी द्यायचं होतं आणि ग्लू सुकत नव्हता.

आता मीठ का. खरं सांगू, मला कोणी कधी सांगितलं नाही. मी माझ्यापुरतं जे बघितलं ते असं, की आमच्याकडे भात बिनमिठाचा शिजायचा. पेजही बिनमिठाची. मीठ बाजूला, ज्याचं त्याने घ्यायचं. आजीला ब्लडप्रेशर, ती दोन खडे घ्यायची. लावणीच्या दिवसांत शेतातून चिखल घेऊन घामेजून आलेले गडी चिमूट भरून घ्यायचे. एकाच टोपातला भात, पण प्रत्येकाची चव ज्याच्या त्याच्या हातात. मला हे मोठेपणी फार आवडायला लागलं. लहानपणी मात्र एवढंच कळायचं, की पानावर मीठ पडलं म्हणजे हे पान आता कोणाचंतरी आहे, इथे कोणीतरी बसणार आहे.

पण मनू, मग तुझं ते शेवटचं वाक्य.

त्या पंगतीत पहिले पुरुष बसायचे. मग आम्ही पोरं. बायकांची पंगत बसायला साडेतीन वाजायचे, आणि तोपर्यंत मी जेवून, झोपाळ्यावर पेंगत असायचे. एकदा अशीच उठून माजघरात पाणी प्यायला गेले तर आई, काकी, आत्या सगळ्या बसलेल्या, पानं मांडलेली नाहीत, दोघींत एक परात, कोणी ताटली, आणि मिठाची वाटी मधे जमिनीवर. जिला लागेल ती हात लांबवून घेत होती. त्यांना कोणी मीठ वाढलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, वाढायचं कामच माझं होतं, आणि माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी माझ्या ताटात मीठ ठेवत नाही हे मला तू सांगेपर्यंत माहीत नव्हतं. बाबाच्या ताटात ठेवते, तुझ्या ठेवते, चीज वितळतंय का बघते, सॉस घालते आणि मग माझं ताट कसंतरी भरून बसते. आई असंच करायची. म्हणजे मीठ ठेवायची सवय तेवढी मी सोबत आणली असं मला वाटत होतं, आणि तिच्यासोबत हेही आलं. म्हणून मी गप जेव म्हणाले. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

बाबांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, अजून एक सांगायचंय. त्यांना डायबिटीस निघाला १९९४ साली. कुडाळच्या डॉक्टरांनी भात कमी करा म्हणून सांगितलं आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. आजी म्हणाली, "भात नाय तर ता जेवान कसला?" आई नाचणीची भाकरी करायची, बाबा ती खायचे, मासे खायचे, भाजी खायचे, आणि मग उठायचेच नाहीत. हात तसाच, ताटाकडे बघत. काही बोलायचे नाहीत. मग आई लिंबाएवढी भाताची मूद आणून ठेवायची, एवढीशी. ते तिच्यावर कढी ओतायचे, चार घासांत संपवायचे, आणि तेव्हा कुठे हात धुवायला उठायचे. रोज. वीस-बावीस वर्षं. पुढे त्यांच्या पायाची जखम भरेना तेव्हा मी आईवर फोनवर चिडले होते, की तू देत होतीस ना रोज. ती म्हणाली, एवढ्याशा भाताने काय होतं, आणि नसता दिला तर ते जेवलेच नसते. आई बरोबर होती की मी, मला अजूनही ठरवता येत नाही. आता माझंच एचबीए१सी वाढल्यावर तर अजिबातच नाही. बोल संपला की माझाही हात तसाच राहतो कधीकधी. पोट भरलेलं असतं, पण काहीतरी यायचं बाकी आहे असं वाटत राहतं. तू एकदा विचारलंस, "आई, आर यू वेटिंग फॉर समथिंग?" मी नाही म्हणाले होते.

तर मराठी काय उरलं, त्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. बर्गर इथलाच, तो इथलाच राहू दे, त्याला मालवणी मसाला लावून आपलं करायची मला काही गरज वाटत नाही, तू एकदा लावून बघितलास तेव्हा टर्कीची चवच गेली होती. मीठ मी ठेवते, कारण ठेवलं नाही तर ताट वाढून झालंय असं माझ्या हाताला पटत नाही. तेवढंच आहे. तू ते खाल्लं नाहीस तरी चालेल. सिंकमधे गेलं तरी चालेल, चतुर्थीला पानावरचंही कोणी सगळं संपवत नव्हतं, पानासकट गोठ्यामागे जायचं. आणि उद्या तुझ्या घरी, तुझ्या अपार्टमेंटमधे, तू नाही ठेवलंस तरी मी येऊन काही बोलणार नाही. प्रयत्न करेन न बोलायचा.

आणि हे वाचून आता माझ्या ताटात मीठ वाढायला लागू नकोस, मी त्यासाठी लिहिलेलं नाही. तुला वाढायला शिकवायचं म्हणून तर नाहीच नाही. मी तेरा वर्षांची असताना आमच्याकडे मुलींना वाढता येतं की नाही हे बघायला पाहुणे यायचे, ते तुझ्या वाट्याला यावं असं मला कधीच वाटलं नाही. फक्त मंगळवारपासून मी माझं ताटही तुमच्या दोघांच्या ताटांबरोबर ओट्यावर ओळीत मांडणार आहे, सगळ्यात शेवटी नाही. मीठ तिघांच्या ताटात एकदमच पडेल, नाहीतर एकाच्याही नाही. बाबाला हे सांगितलंय, तो म्हणाला मग वाटी मी घेतो. घेऊ दे.

खिमा फ्रीजरमधे आहे. सोमवारी रात्री झोपायच्या आधी खालच्या कप्प्यात ठेव, मी विसरते. पिकल संपत आलंय, लहान बाटली आणते. आणि सॉसमधे व्हिनेगर तूच घाल, माझ्या हातून जास्त पडतं.

तुझी,
आई