रोजच्या वापरातली गाडी घेऊन पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाला जायचंय, काय तयारी करू?

इंजिनाची ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नका, आधी ब्रेक बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. तसं झालं की पेडल थेट तळाला जातं, आणि समोर वळण असतं! म्हणून जाण्याआधी ते बदलाच, ब्रेक पॅडही जाड हवेत. चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराइतकंच आवळणारा पाना) आवळा. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, दर वेळी ट्रॅकवरून बाहेर आलात की तपासा. शेवटचा लॅप (ट्रॅकची एक फेरी) सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्या. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा. विमा बहुधा ट्रॅकवर लागू होत नाही, पॉलिसी वाचा. पहिल्या दिवशी शेजारी प्रशिक्षक बसवा, लॅपची वेळ मात्र मोजू नका.