दावण रिकामी झाली, मला विचारलंही नाही

‘ताई, लग्नाला ४१ वर्षं झाली. अंबाजोगाई तालुक्यात साडेचार एकर रान आहे, सोयाबीन-तूर घेतो. मागच्या महिन्यात मालकांनी बैलजोडी बाजारात नेऊन विकली. मला कळलं ते पैसे डब्यात ठेवताना. नऊ वर्षं त्या बैलांना पेंड मी चारली. तेव्हापासून मी अबोला धरलाय. तेही बोलत नाहीत. जेवण झालं की गोठ्यात जाऊन बसतात. पोरं पुण्याहून फोनवर म्हणतात, सोड ना आई. या वयात रुसणं शोभतं का?’

मावशी, शोभतं. रुसायला वयाची अट कोणी घातली?

बैल विकण्यात मालकांचा हिशेब फारसा चुकला असेल असं वाटत नाही. पेरणी ट्रॅक्टरनं उरकायची आणि चार दिवसांच्या कामासाठी जोडी वर्षभर पोसायची, हे साडेचार एकराला झेपत नाही. पण गंजीत कडबा किती उरलाय, पेंडीचं पोतं कधी संपतं, हे घरात सगळ्यात आधी तुम्हाला कळतं. मग विचारायचं कोणाला होतं?

तुम्ही जाता जाता लिहिलेली गोठ्याची ओळ मात्र मी दोनदा वाचली. रिकाम्या दावणीपाशी माणूस उगाच बसत नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला ज्यांचे खांदे हळद-लोण्यानं मळले, त्यांची दावी सोडताना तुमच्या तोंडाकडं बघायचा धीर त्यांना झाला नसावा. हा आपला माझा अंदाज. त्यानं त्यांची चूक माफ होत नाही.

एखाद्या रात्री दोन कप चहा घेऊन गोठ्यात जा. समोर बसून ‘मला बोलायचंय’ म्हणालात, तर ते मोटर बघायच्या निमित्तानं उठतील. शेजारी टेका आणि बैलांची नावं काढा. कोणता मारका होता, कोणता तुमच्या हातचीच पोळी खायचा. ‘चुकलं माझं’ हे शब्द ऐकायला थांबू नका. आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांना ते जन्मात जमत नाहीत. ‘पुढच्या वेळी मला विचारायचं’ एवढं मात्र स्पष्ट सांगा.

आता दुसरं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? पत्रात ‘रान आहे’ म्हणता, कोणाच्या नावावर ते लिहीत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि १९९२ साली सरकारचं परिपत्रकही निघालं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला, तर त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज तलाठ्याकडं द्यायचा, मग फेरफार होतो. रान अजून भाऊबंदांत सामाईक असेल तर आधी वाटणीचं बघावं लागेल. हा विषय गोठ्यातल्या त्या रात्री काढू नका. चार दिवस जाऊ द्या, पण काढाच. आणि पोरांना फोनवर आधी सांगत बसू नका, नाहीतर दोघांच्या गोष्टीत चौघं बोलायला लागतील.

डब्यातले पैसे अजून तसेच आहेत का? असतील तर काय घ्यायचं ते दोघं मिळून ठरवा. शेळ्या घ्यायचं ठरलं, तर बाजाराला तुम्हीही जा. दात बघून शेळी पारखायला तुम्हाला येतच असेल.