झाडाफुलांचं वेड असलेल्या आजीची आठवण कशी जपावी?

तुम्ही विचारलंय की वर्षश्राद्धाला आजीच्या नावानं बागेत झाड लावावं, की फोटो आणि आठवणी घालून स्मरणिका काढावी. माझं मत सरळ आहे. दोन्हींच्या आधी तिच्या हातची झाडं आणि तिला येत असलेली कामं वाचवा. वर्षश्राद्धाला अजून वेळ आहे, कुंड्यांना नाही.

इतक्या तावातावानं लिहितेय, कारण आमच्या घरात नेमकं उलटं झालं.

आमची माई, म्हणजे वडिलांची आई, लग्न होऊन आली ती इंदूरला रामबागेतल्या घरात शेवटपर्यंत राहिली. तिचे वडील प्लँट इंडस्ट्री इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते. आताचं कृषी महाविद्यालय आहे ना, तीच जागा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ तिथे संचालक होते आणि कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तिथेच आकाराला आली. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे तिथले सहकारी यशवंत वाड या दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डचं नाव जगभर घेतात, वाडांचं मात्र इंदुरातसुद्धा क्वचितच निघतं.

माई ही पद्धत वडिलांच्या हाताखाली शिकली होती. परसात दोन खड्डे. पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, गोमूत्र मुरलेली माती, राख, की पुन्हा पालापाचोळा. तीन महिन्यांत तीनदा परतायचं. ढिगात एक लोखंडी सळई कायम खुपसलेली असायची. सकाळी चहाच्या आधी माई ती उपसून मुठीत धरायची. चटका बसला तर आत काम जोरात चालू आहे, नुसती कोमट लागली तर परतायची वेळ झाली. नाकाला झोंबणारा वास आला की म्हणायची, “हिरवं जास्त पडलं,” आणि पोतंभर वाळका पाला ओतायची. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं यायला लागलं आणि ओला-सुका कचरा पोराटोरांना पाठ झाला. माईच्या ओट्याखाली दोन बादल्या मी लहानपणापासून पाहत आले आहे.

ती मार्चमध्ये गेली. तेराव्याला माणसं बरीच येणार म्हणून परसात मांडव घालायचं ठरलं, आणि थोरल्या काकांनी एका दुपारी मलबा टाकून दोन्ही खड्डे बुजवून घेतले. एकात तयार खत होतं. काळंभोर, भुसभुशीत, आदल्याच महिन्यात तिनं स्वतः उभं राहून परतून घेतलेलं. मी आडवी गेले तर म्हणाले, “अगं, ती हौस तिच्याबरोबर गेली.” आणि त्याच मांडवात, त्याच खड्ड्यांवर उभं राहून त्यांनी भाषण केलं की माई निसर्गाची लेक होती. पुढे एका बागेत बाक दिला. त्यावर संगमरवरी पाटी, ‘निसर्गप्रेमी’ असं कोरलेली. त्या पाटीचा मला आजही राग येतो.

झाडांवर प्रेम सगळेच करतात. माईला काम येत होतं. कोणती फांदी कधी कापायची, कोणत्या झाडाला शेण चालत नाही, मुंग्या कुठून चढतात, हे तिला बघताक्षणी कळायचं. हेच एखाद्या पुरुषानं शेतात केलं असतं तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला असता. बाईनं परसात केलं, म्हणून हौस!

तर तुमच्यासाठी. पाऊस लागला की आजीच्या झाडांच्या गुट्या बांधा. अनंत, पेरू, लिंबू, डाळिंब यांना छान येतात. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल सोलायची, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसली की त्याच्या खाली कापून लावायचं. माईच्या अनंताचं असंच रोप मी देवासला आत्याकडे दिलं, आता तो फुलतोय. तिच्याकडून रोपं नेलेल्या शेजारणींना आणि घरी काम करणाऱ्या मावशींना गाठा. मुलांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. जुनी कालनिर्णयं रद्दीत जाऊ देऊ नका. माई त्या चौकोनांत ‘पावशा ओरडला’, ‘कवठाला पालवी’ असं लिहायची. तुमच्याही आजीनं काही टिपलेलं असेल.

स्मरणिका वाईट नाही. काढाच, पण तिच्या पद्धती तिच्याच शब्दांत येऊ द्या, फोटो कमी चालतील. बागेत झाड लावायलाही हरकत नाही, फक्त पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरवून मग खड्डा खणा. फ्लॅटमध्ये असाल तर भोकं पाडलेल्या ड्रममध्येही खत होतं.

आणि घरातलं कुणी मोठं माणूस आता परसात फरशी घालून घेऊ म्हणालं, तर वयाचा मान बाजूला ठेवून भांडा. मी तेव्हा मांडववाल्यासमोर तमाशा नको म्हणून आवाज चढवला नव्हता. तुम्ही चढवा.