वाचकांचे प्रश्न : नकाशावरचे ब्रिटन

ब्रिटनच्या भूगोलाविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. यांतील बहुतेक प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एका ओळीच्या उत्तरासह छापलेले आढळतात. मात्र त्या ओळीत सीमा कुठली धरली आहे आणि मोजमाप कुठून केले आहे, याचा उल्लेख क्वचितच असतो आणि बरेचसे घोळ तिथेच होतात.

प्रश्न : इंग्लंड, ग्रेट ब्रिटन आणि युनायटेड किंगडम ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. त्यांत नेमका फरक काय आणि आयर्लंडचे स्थान कोणते?

उत्तर : ग्रेट ब्रिटन हे मुळात एका बेटाचे नाव आहे. त्या बेटावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असे तीन देश आहेत. युनायटेड किंगडम हे राज्याचे नाव असून त्यात या तिघांबरोबर शेजारच्या बेटावरील उत्तर आयर्लंडचाही समावेश होतो. ही रचना टप्प्याटप्प्याने झाली. वेल्स १७०७ च्या आधीच इंग्लंडला जोडले गेले होते. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची संसदीय एकी झाली. १८०१ मध्ये संपूर्ण आयर्लंड या राज्यात आले, आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग स्वतंत्र होऊन बाहेर पडला. उरलेल्या भागाला अनुसरून राज्याच्या नावातला ‘आयर्लंड’ जाऊन ‘उत्तर आयर्लंड’ आला तो १९२७ मध्ये. आयर्लंडचे प्रजासत्ताक हा आज पूर्णपणे वेगळा देश आहे, हे अनेक प्रश्नसंचांच्या ध्यानात राहत नाही.

आयल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्सी यांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांचे संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटन पाहते, तरी ही बेटे युनायटेड किंगडमचा भाग नाहीत. ती थेट राजमुकुटाच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांचे कायदेमंडळ व करव्यवस्था त्यांची स्वतःची आहे.

प्रश्न : बेन नेव्हिसची उंची जुन्या पुस्तकात १,३४४ मीटर आणि नव्या पुस्तकात १,३४५ मीटर दिली आहे. छपाईची चूक समजावी का?

उत्तर : नाही. स्कॉटलंडमधील हे शिखर ब्रिटनमध्ये सर्वांत उंच आहे. २०१६ मध्ये उपग्रहांच्या साहाय्याने त्याची नव्याने मोजणी झाली, तेव्हा उंची १,३४४ मीटर आणि अर्ध्या मीटरहून किंचित अधिक भरली. पूर्णांकात लिहिताना ती १,३४५ झाली. डोंगर वाढलेला नाही, मोजमाप अधिक काटेकोर झाले आहे. वेल्समधील सर्वोच्च शिखर स्नोडन, म्हणजेच वेल्श भाषेतील अर विद्वा, १,०८५ मीटर उंच आहे, तर इंग्लंडमधील स्कॅफेल पाइक केवळ ९७८ मीटर आहे. उत्तर आयर्लंडमधील स्लीव्ह डोनार्ड सुमारे ८५० मीटर भरते.

प्रश्न : ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी कोणती? काही ठिकाणी टेम्स, काही ठिकाणी सेव्हर्न, तर एका ठिकाणी शॅनन असे उत्तर वाचले.

उत्तर : ग्रेट ब्रिटन बेटापुरते किंवा युनायटेड किंगडमपुरते विचारले असेल तर सेव्हर्न हे उत्तर बरोबर आहे, तिची लांबी सुमारे ३५४ किलोमीटर आहे. टेम्स सुमारे ३४६ किलोमीटर लांब असून ती संपूर्णपणे इंग्लंडमध्ये वाहते. सेव्हर्नचा उगम वेल्समध्ये आहे, म्हणून ‘पूर्णतः इंग्लंडमधील सर्वांत लांब नदी’ असा प्रश्न आल्यास टेम्स हेच उत्तर द्यावे लागते. शॅनन सुमारे ३६० किलोमीटरची, पण ती आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहे. दोन्ही मोठी बेटे एकत्र धरली तरच ती पहिली येते.

टेम्स आणि सेव्हर्न यांच्यातला आठ किलोमीटरांचा फरकही सर्वमान्य आहे असे नाही. टेम्सचा अधिकृत उगम ग्लॉस्टरशायरमधील टेम्स हेड येथे मानतात. तिला मिळणाऱ्या चर्न या ओढ्याचा सेव्हन स्प्रिंग्ज येथील उगम मात्र त्याहून बराच वरच्या अंगाला आहे. तोच टेम्सचा उगम धरला तर टेम्स सेव्हर्नला मागे टाकते. कोणता ओढा नदीचा आणि कोणता उपनदीचा, हे परंपरेने ठरलेले असते आणि या वादात परंपरा सेव्हर्नच्या बाजूने उभी आहे.

सेव्हर्नची खरी नवलाई तिच्या लांबीत नाही, तिच्या मुखाशी आहे. ब्रिस्टलच्या आखातात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील अंतर उधाणाच्या वेळी १४ मीटरांच्या आसपास जाते. जगात इतके अंतर फार थोड्या ठिकाणी पडते. आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जात असल्यामुळे आत शिरणारे पाणी दाटते, चढते आणि अखेर नदीच्या प्रवाहाविरुद्ध एक सलग लाट होऊन ग्लॉस्टरच्या दिशेने धावते. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरमधील संपातांच्या सुमारास, ही लाट सर्वांत मोठी असते आणि तिची उंची कधीकधी दोन मीटरांपर्यंत पोहोचते. वेळापत्रक आधीच जाहीर होत असल्यामुळे काठावर बघ्यांची गर्दी जमते आणि फळी घेऊन लाटेवर स्वार होणारे हौशी लोक नदीपात्रात तिची वाट पाहत थांबलेले असतात. समुद्र इतका दूर असताना नदीत लाटेवर स्वार होण्याचा खेळ चालावा, हे दृश्य कोणत्याही आकडेवारीपेक्षा जास्त लक्षात राहणारे आहे.

प्रश्न : आणि सर्वांत मोठे सरोवर?

उत्तर : ‘मोठे’ म्हणजे काय, ते आधी ठरवावे लागेल. क्षेत्रफळाने उत्तर आयर्लंडमधील लॉख नेय पहिले येते. ते सुमारे ३९० चौरस किलोमीटर पसरलेले आहे, पण उथळ आहे. ग्रेट ब्रिटन बेटावर क्षेत्रफळात लॉख लोमंडचा, तर पाण्याच्या साठ्यात लॉख नेसचा क्रमांक पहिला आहे. दंतकथेतल्या प्राण्यामुळे गाजलेल्या या सरोवरात इंग्लंड आणि वेल्समधील सर्व सरोवरांच्या एकत्रित पाण्याहून अधिक पाणी आहे. स्कॉटलंडला तिरके छेदून जाणाऱ्या एका प्राचीन भूभ्रंशावर ते वसले असून हिमनद्यांनी तेथील खोरे आणखी कोरून काढल्यामुळे ते लांबट, अरुंद आणि सुमारे २३० मीटर खोल आहे. खोलीत मात्र ३१० मीटरांचे लॉख मोरार त्यालाही मागे टाकते.

प्रश्न : हॅड्रियनची भिंत म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची सीमा, असे पर्यटनविषयक लेखांत वारंवार वाचायला मिळते. हे खरे आहे का?

उत्तर : हा समज इंग्लंडमध्येही खोलवर रुजलेला आहे, पण तो चुकीचा आहे. रोमन सम्राट हॅड्रियनच्या आज्ञेने इसवी सन १२२ मध्ये या भिंतीचे काम सुरू झाले. पूर्वेकडील वॉल्सेंडपासून पश्चिमेकडील बोनेस-ऑन-सॉलवेपर्यंत ती सुमारे ११७ किलोमीटर जाते आणि तिची संपूर्ण लांबी आजच्या इंग्लंडमध्येच आहे. पश्चिम टोकाशी स्कॉटलंडची हद्द तिच्यापासून जेमतेम एका किलोमीटरवर आहे. पूर्वेकडे मात्र हेच अंतर सुमारे ११० किलोमीटरपर्यंत वाढते. त्यामुळे नॉर्दम्बरलँड परगण्याचा बराचसा भाग भिंतीच्या उत्तरेस असूनही इंग्लंडमध्ये मोडतो. मुळात ही भिंत बांधली गेली तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश अस्तित्वातच नव्हते.

रोमनांनीही ही आपली कायमची शेवटची हद्द मानली नाही. पुढच्याच सम्राटाच्या कारकिर्दीत, १४२ च्या सुमारास, आजच्या एडिनबरा आणि ग्लासगोच्या पट्ट्यात माती आणि गवताच्या ढेकळांची आणखी एक तटबंदी उभी राहिली. तीच अँटोनाइनची भिंत. अवघ्या काही दशकांत तिच्यावरील ठाणी सोडून सैन्य पुन्हा हॅड्रियनच्या भिंतीकडे परतले.

प्रश्न : लंडनमधील बिग बेन हे घड्याळाच्या मनोऱ्याचे नाव नसून त्यातील घंटेचे आहे, एवढे माहीत आहे. पण त्या घड्याळात जुनी नाणी ठेवलेली असतात, ही केवळ आख्यायिका आहे का?

उत्तर : आख्यायिका नाही. मनोऱ्याचे नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर असे आहे आणि त्याच्या आतील घड्याळ एका लांब लंबकावर चालते. लंबकाचा एक झोका दोन सेकंदांचा असतो. या लंबकावर एक लहानसा कट्टा असून त्यावर जुन्या पेनी नाण्यांची चळत ठेवलेली असते. एक पेनी वर ठेवली की लंबकाचा गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो, झोक्याचा वेळ अगदी सूक्ष्म प्रमाणात घटतो आणि घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाऊ लागते. पेनी काढली की तेवढेच मागे पडते. इतक्या प्रचंड यंत्रावर इतक्या क्षुल्लक वजनाने ताबा ठेवता येतो, ही एकोणिसाव्या शतकातील घड्याळजींच्या कसबाची कमाल म्हणावी लागेल.

घंटेचीही कथा ऐकण्याजोगी आहे. १३.७ टन वजनाची ही घंटा जुलै १८५९ मध्ये प्रथम वाजली आणि सप्टेंबरमध्येच तिला तडा गेला. पुढची काही वर्षे तासांचे ठोके एका लहान घंटेवर दिले जात होते. अखेर राजदरबारी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या सल्ल्यानुसार घंटा थोडी फिरवून हातोडा पडण्याची जागा बदलली गेली आणि हातोडाही हलका बसवला गेला. तडा आजही तसाच आहे, आणि त्या आवाजाला असलेला किंचित बेसूर गुंजारव हे त्याचेच देणे आहे.

प्रश्न : ग्रीनिच वेधशाळेतील मूळ रेखावृत्ताच्या पट्टीवर उभे राहिले तरी मोबाइल शून्य रेखांश दाखवत नाही, असे तेथे जाऊन आलेले लोक सांगतात. मोबाइल चुकतो का?

उत्तर : मोबाइल बरोबर सांगतो आणि पट्टीही आपल्या परीने बरोबर आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच एअरी यांनी १८५१ मध्ये वेधशाळेत एक दुर्बीण बसवली. तिच्यामधून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने जगासाठी शून्य रेखांश म्हणून स्वीकारली. फ्रान्स त्या मतदानात तटस्थ राहिला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

एअरी यांच्या दुर्बिणीची उभी दिशा पाऱ्याच्या थाळीवरून ठरवली जात असे. पारा गुरुत्वाकर्षणानुसार समपातळीत राहतो, पण भूगर्भातील घनता सर्वत्र सारखी नसल्यामुळे कोणत्याही ठिकाणचा ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे नेमका रोखलेला असेलच असे नाही. उपग्रहांवर आधारलेली प्रणाली सरळ पृथ्वीच्या केंद्रापासून हिशेब करते. या दोन पद्धतींतील तफावतीमुळे आजचे शून्य रेखावृत्त पट्टीच्या १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जाते. पट्टीवर उभे राहिलेल्या माणसाला म्हणूनच पडद्यावर शून्याऐवजी पाच सेकंदांहून (येथे सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) किंचित अधिक पश्चिम रेखांश दिसतो. छायाचित्रासाठी रांग मात्र पट्टीपाशीच लागते.

प्रश्न : चित्रांतील उघडणारा पूल म्हणजेच लंडन ब्रिज ना?

उत्तर : नाही. दोन मनोरे आणि वर उचलला जाणारा मार्ग असलेला तो टॉवर ब्रिज. तो १८९४ मध्ये खुला झाला. उंच जहाजांसाठी तो आजही उघडतो आणि त्यासाठी जहाजाने किमान २४ तास आधी कळवावे लागते. त्याच्या पश्चिमेला असलेला आजचा लंडन ब्रिज १९७३ चा असून दिसायला अगदीच साधा आहे. त्याच्या आधीचा, १८३१ मधील दगडी पूल १९६८ मध्ये एका अमेरिकन उद्योजकाने विकत घेतला. दर्शनी दगडांवर क्रमांक घालून ते ॲरिझोनातील लेक हॅवसू येथे नेण्यात आले आणि काँक्रीटच्या सांगाड्यावर पुन्हा बसवण्यात आले. त्याने तो टॉवर ब्रिज समजून घेतला, हा किस्सा रंजक असला तरी संबंधितांनी तो नाकारला आहे.

प्रश्न : लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स हे अंतर म्हणजे बेटाचे दक्षिण टोक ते उत्तर टोक, असे म्हणता येईल का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. रस्त्याने सुमारे १,४०७ किलोमीटरचा हा प्रवास सायकलस्वारांत आणि पदयात्रींत प्रसिद्ध आहे, कारण बेटावरील एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या वस्त्या म्हणून ही दोन ठिकाणे मानली जातात. मुख्य बेटाचे दक्षिण टोक कॉर्नवॉलमधील लिझर्ड पॉइंट हे आहे, आणि उत्तर टोक जॉन ओ’ग्रोट्सच्या पश्चिमेला असलेले डनेट हेड. लँड्स एंड हे इंग्लंडच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक ठरते, पण संपूर्ण बेटाचे नव्हे. तो मान स्कॉटलंडमधील आर्डनमर्खन द्वीपकल्पाकडे जातो.