नॅनोकणांवर काम करायचंय? कॉलेज निवडताना यंत्रं बघ

प्रश्न: मी सांगलीत बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कर्करोगाचं औषध पॉलिमरच्या नॅनोकणांतून देण्यावर काम करायची इच्छा आहे. नॅनोटेक्नॉलॉजीत एम.टेक. करू की एम.फार्म.?

उत्तर: एम.फार्म. कर आणि विषय फार्मास्युटिक्स (औषधाला गोळी, इंजेक्शन, कण असं रूप देण्याचं शास्त्र) घे. कण बनवणं एका दुपारचं काम आहे. 50 मिलिग्रॅम पीएलजीए (शरीरात विरघळून जाणारं पॉलिमर) आणि 5 मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध 5 मिली ॲसिटोनमध्ये विरघळवायचं, पीव्हीए (कणांना चिकटू न देणारं पॉलिमर) घातलेल्या 20 मिली पाण्यात ढवळत थेंबथेंब सोडायचं, की दुधट पाणी तयार. कस लागतो तो औषध आत टिकवताना. हीच कृती डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधावर केलीस तर ते पाण्यात विरघळणारं असल्याने बहुतेक बाहेरच निसटतं. मग आधी ट्रायइथाइलअमाइनने त्याचं क्षाररूप मोडावं लागतं किंवा दुहेरी इमल्शन (औषधाचं पाणी तेलकट थेंबांत आणि ते थेंब पुन्हा पाण्यात) करावं लागतं. औषधाचा स्वभाव ओळखायची ही सवय फार्मास्युटिक्समध्ये लागते.

कॉलेजचं नाव नंतर बघ. कणांचा आकार मोजणारं यंत्र विभागातच आहे का, एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणारं यंत्र) विद्यार्थ्यांना स्वतः काम करू देतात का, हे तिथल्या सीनियरना विचार. आकार 100 ते 200 नॅनोमीटर आणि पीडीआय (कणांच्या आकारांत किती फरक आहे ते सांगणारा आकडा) 0.2 च्या खाली हवा. नमुना बाहेर पाठवला तर पोचेपर्यंत कण एकमेकांना चिकटू शकतात; येणारा आकडा मग तू बनवलेल्या कणांचा राहत नाही.

जीपॅट ही एम.फार्म.ची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा मनापासून दे. पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतलास तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची महिना 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळते. नायपर या केंद्र सरकारच्या औषधनिर्माण संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पॅक्लिटॅक्सेलचे पॉलिमर मायसेल (पॉलिमरचे रेणू जमून झालेले सूक्ष्म गोळे) दक्षिण कोरियात 2007 मध्ये मंजूर झाले, पण शोधनिबंधांच्या मानाने बाजारात पोचलेली अशी औषधं मोजकीच आहेत. डोसेटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाचे कण रुग्णांवर तपासणारी अमेरिकेतली बाइंड कंपनी 2016 मध्ये दिवाळखोरीत गेली. मात्र पीएलजीएवर हात बसला की ल्युप्रोलाइड या हार्मोनवरच्या औषधासारख्या महिनाभर पुरणाऱ्या इंजेक्शनांच्या कामातही तो उपयोगी पडतो.

आठव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला पॅक्लिटॅक्सेल नको, ते महाग आणि पेशींना घातक. हळदीतलं कर्क्युमिन घे. साध्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर (प्रकाश किती शोषला ते मोजणारं) 425 नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतं. फक्त 7.4 पीएचच्या बफरमध्ये ते काही मिनिटांतच नासू लागतं. कण भरलेल्या डायलिसिस पिशवीबाहेर (सुटलेलं औषध झिरपू देणारी पिशवी) औषध कमी दिसलं म्हणून ‘हळू सुटतंय’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. बफरमध्ये ट्वीन 80 (कर्क्युमिन पाण्यात विरघळवून ठेवणारा साबणासारखा पदार्थ) घाल, आणि कणांविना नुसतं कर्क्युमिन त्याच बफरमध्ये शेजारी ठेवून किती टिकतं तेही मोज.