कडुनिंबाखालचा चिखल आणि मुलांचे अंगण

प्रश्न : आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. घरामागच्या सांदवाडीत मोठा कडुनिंब असल्याने तेथे ऊन फारसे पोहोचत नाही आणि पावसाळाभर काळ्या मातीचा चिखल राहतो. दोनदा हरळी लावली, पण दोन्ही वेळा ती गेली. पाच आणि तीन वर्षांची मुले तेथेच अनवाणी खेळतात. जमीन झाकण्यासाठी काय लावावे?

उत्तर : हरळी गेली यात आपल्या निगेचा दोष नाही. तिला जवळजवळ दिवसभराचे ऊन लागते, त्यामुळे दाट सावलीत ती विरळ होऊन मरणारच. मात्र कोणतेही रोप आणण्यापूर्वी पाणी कोठून येते ते पाहावे, कारण काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातून पाणी खाली जिरत नाही, आणि त्यात कवेलूंवरचे किंवा न्हाणीचे पाणी येऊन मिळत असेल तर त्या जागी कोणतेही गवत तग धरणार नाही. छपराच्या पाण्याला पन्हळ लावून ते बाजूच्या चरातून बाहेर काढावे आणि जमिनीला घराकडून बाहेरच्या बाजूस हलका उतार द्यावा.

मुले जेथे रोज धावतात, तेथे हिरवळीचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या भागात चार ते सहा इंच मुरूम पसरून, पाणी मारून तो चोपून घ्यावा. मात्र कडुनिंबाच्या बुंध्याभोवती आणि मुळांवर तो चढवू नये, कारण दडपलेल्या मुळांना हवा मिळत नाही. हे काम मे महिन्यातच उरकावे.

उरलेल्या भागात खालच्या काही फांद्या छाटून थोडा उजेड येऊ द्यावा, मातीत कुजलेले शेणखत मिसळावे आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस रुंद पानांचे कार्पेट गवत वीतभर अंतरावर लावावे. ते हरळीपेक्षा सावली पुष्कळ अधिक सोसते. मुळे धरेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, मुलांना त्यावर जाऊ देऊ नये. कडेच्या ओलसर पट्ट्यात मंडूकपर्णी छान पसरते, पण ती पायांखाली टिकत नाही. उन्हाळ्यात या दोन्हींना पाणी द्यावेच लागेल.

अळू आणि मनी प्लांट सावलीत सहज वाढतात, तरी ते येथे लावू नयेत. त्यांचे कच्चे पान चघळल्यास मुलांच्या तोंडाची आग होते. आपोआप उगवणारी घाणेरी आणि गाजर गवत हातमोजे घालून मुळासकट उपटावे. गवत चार बोटांपेक्षा उंच होऊ देऊ नये, म्हणजे साप-विंचू चटकन दिसतात. मुरूम बसेपर्यंत मुलांना चपला घालूनच सोडावे, कारण ज्या ओल्या मातीत माणसाची विष्ठा मिसळलेली असते, तेथून अंकुशकृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात.